आवडती धावपटू समोर आली आणि मुलीची वाचाच बसली

मूळ धागा — दुसरी हाक

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे ८०० मीटर धावते. तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका महिला धावपटूची छायाचित्रे चिकटवलेली आहेत. त्या धावपटूने कोणत्या शर्यतीत पहिली फेरी किती सेकंदांत घेतली आणि दुसरी किती सेकंदांत, हे तिला तोंडपाठ आहे; भूमितीची प्रमेये मात्र नाहीत. खेळाडूचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा त्यांच्या हुकलेल्या पदकावर आणि निवड समितीवर घसरेल, हे इथल्या जुन्या सदस्यांना सांगायला नको.

गेल्या महिन्यात विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी आम्ही दोघी बॅगांची वाट पाहत उभ्या होतो. पट्टा अजून सुरू झाला नव्हता. एकाएकी मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखे रुतली. तिच्या नजरेच्या रोखाने पाहिले, तर चार पावलांवर त्याच उभ्या होत्या. एकट्या, पाठीवर सॅक, एक हात ढकलगाडीच्या दांड्यावर. मी म्हटले, जा, बोल त्यांच्याशी. या भेटीची तालीम तिने आरशासमोर किती वेळा केली असेल याला गणती नाही, आणि काय काय विचारायचे याची यादीही तिच्याकडे होती. ती पुढे गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिले, त्या हसल्या, मग त्यांची नजर खाली गेली आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे." तेवढ्यात पट्टा सुरू झाला, त्यांची बॅग पहिल्या चार-पाच बॅगांतच आली, ती उचलून त्या निघून गेल्या. सही नाही, फोटो नाही, आणि माझ्या मुलीच्या तोंडून एक अक्षरही नाही.

तेव्हापासून ती स्वतःवर रुसली आहे. एवढी संधी आली आणि मी खांबासारखी उभी राहिले, असे तिचे म्हणणे आहे. छायाचित्रे तिने काढलेली नाहीत, परंतु पूर्वी अभ्यासाला बसताना ती कपाटाचे दार उघडे ठेवत असे, ते आता बंद असते. सरावाला ती जाते, पण त्या खेळाडूचा विषय निघाला की उठून जाते. असा अनुभव आणखी कोणाला आला आहे का? तिने त्यांना पत्र लिहावे का, की मीच तिच्या वतीने काही करावे?

मोजपट्टी

मुलीच्या वतीने काहीही करू नका, एवढेच मी खात्रीने सांगेन. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी एका हॉकीपटूची सही आणून दिली होती. ती मी कधीच कोणाला दाखवली नाही, कारण ती भेट माझी नव्हती.

कडेचा प्रेक्षक

वाचा बसणे हे लाजाळूपणाचे किंवा मूर्खपणाचे लक्षण आहे, असे तिला वाटत असेल तर तो गैरसमज आधी दूर करावा. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी लिहिताना एका एकतर्फी नात्याचे वर्णन केले होते. पडद्यावरचा माणूस आपल्याला रोज भेटतो, त्याच्या लकबी आपल्याला कळतात, तो आपल्याशीच बोलतो आहे असे वाटू लागते, आणि आपण या जगात आहोत हे मात्र त्याच्या गावीही नसते. तुमच्या मुलीला त्या खेळाडूच्या फेऱ्यांच्या वेळा पाठ आहेत. त्या खेळाडूला तुमच्या मुलीचे नावही ठाऊक नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी ही दोन टोके एकदम समोरासमोर आली. तीन वर्षांची ओळख असलेल्या माणसाला "नमस्कार, मी अमुक" असे पहिल्यापासून सांगायचे म्हटल्यावर भल्याभल्यांची जीभ अडखळते, आणि ही तर तेरा वर्षांची आहे.

माझा स्वतःचा अनुभव याहून वाईट आहे, कारण मी बोललो. एका बॅडमिंटनपटूला उपाहारगृहात गाठून मी त्याच्या एका पराभवाचे विश्लेषण त्यालाच ऐकवले. तो माणूस घास हातात धरून ऐकत राहिला. आज पंधरा वर्षांनंतरही तो घास मला दिसतो. तुमची मुलगी गप्प राहिली, हे मला तरी पुष्कळ बरे वाटते.

बाहेरची लेन

मी विद्यापीठ पातळीवर ८०० आणि १५०० मीटर धावले आहे, म्हणून या प्रसंगातल्या एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधू इच्छिते. नाडीविषयीचे ते वाक्य तुम्हाला किरकोळ वाटले, मुलीलाही बहुधा तसेच वाटले असेल. मला तसे वाटत नाही.

८०० मीटरमध्ये आपापल्या लेनमधून धावायचे ते फक्त पहिले वळण संपेपर्यंत. त्यानंतर लेन सुटतात, सगळ्या जणी आतल्या कडेला येतात आणि पुढच्या जवळपास पावणेदोन फेऱ्या घोळक्यातच जातात. कोपर बरगडीत बसते, मागचीच्या बुटाचा स्पाइक, म्हणजे तळाचा खिळा, टाचेवर येतो, आणि अशा वेळी नाडीचे लोंबते टोक म्हणजे पडायला निमंत्रण असते. आमचे प्रशिक्षक आरंभरेषेकडे जाण्यापूर्वी प्रत्येकीचे बूट वाकून पाहत असत. फासाच्या गाठीवर आणखी एक गाठ, उरलेली टोके विणलेल्या नाडीखाली खोचलेली, आणि बोटाने ओढून पाहिले तरी हलता कामा नयेत. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. मी अजूनही रांगेत उभी असले तर पुढच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे बूट पाहते. धावपटूने धावपटूच्या पायांकडे पाहिले, एवढाच मला त्या वाक्याचा अर्थ दिसतो. मुलीच्या पायात त्या वेळी धावण्याचेच बूट होते का?

आता याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या खेळातली आहे आणि तिच्यातही एक लहान चाहती आहे. दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या झोला बडच्या खोलीत अमेरिकेच्या मेरी डेकरचे चित्र भिंतीवर लावलेले होते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ३००० मीटरच्या अंतिम शर्यतीत अठरा वर्षांची झोला ब्रिटनकडून, आणि तीही अनवाणी, त्याच मेरी डेकरबरोबर धावली. शर्यत निम्म्याच्या पुढे गेल्यावर झोला किंचित पुढे होती, दोघींचे पाय एकमेकींत अडकले आणि डेकर आतल्या गवतावर कोसळली. प्रेक्षकांनी झोलाची हुर्यो उडवली. रुमानियाच्या मारिचिका पुइका यांनी सुवर्णपदक जिंकले आणि झोला सातवी आली. शर्यतीनंतर ती माफी मागायला गेली, तेव्हा डेकरने तिला झिडकारले. चूक कोणाची यावर पुढे कितीतरी लिहिले गेले. पंचांनी आधी झोलाला बाद ठरवले आणि चित्रफीत पाहून तो निर्णय फिरवला. माझ्या मनात मात्र दरवेळी तिची ती खोली येते. घरी परतल्यावर तिने त्या चित्राचे काय केले असेल? पुढे बऱ्याच वर्षांनी त्या दोघी पुन्हा भेटल्या आणि एकमेकींशी नीट बोलल्या, हे वाचले तेव्हा मला बरे वाटले होते.

तिरपा फटका

येथे सर्व जण खेळाडूची बाजू समजून घेत आहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. एका मोठ्या स्पर्धेत माझा नऊ वर्षांचा मुलगा कठड्याला टेकून दोन तास थांबला होता. त्याच्या आवडत्या धावपटूची शर्यत संपली आणि तो आमच्या समोरून, हाताच्या अंतरावरून गेला. मुलाने वही पुढे केली, नाव घेऊन हाक मारली. त्या गृहस्थाने वहीकडे तर नाहीच, मुलाकडेही पाहिले नाही. शेजारून चालणाऱ्या कोणा कार्यकर्त्याशी दोन शब्द बोलून तो आत निघून गेला. चाहत्यांच्या टाळ्या हव्यात, त्यांच्या जोरावर मिळणाऱ्या जाहिराती हव्यात, आणि नऊ वर्षांच्या मुलाला द्यायला पाच सेकंद नाहीत, हे मला पटत नाही. मुलगा त्यानंतर फुटबॉलकडे वळला.

शिट्टी

तिरपा फटका यांना एक प्रश्न आहे. त्या कार्यकर्त्याच्या अंगावर इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचे जाकीट किंवा गळ्यात वेगळे ओळखपत्र होते का, आणि तो धावपटूला अगदी चिकटून चालत होता का?

मी बरीच वर्षे मैदानी स्पर्धांत पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे मला शंका येते की तो शॅपरोन असावा. उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी ज्या खेळाडूची निवड होते, त्याला शर्यत संपल्याबरोबर तसे कळवले जाते आणि कागदावर सही घेतली जाते. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत शॅपरोन त्याला नजरेआड होऊ देत नाही. पदक समारंभ, पत्रकारांशी बोलणे किंवा शरीर सैल करण्यासाठी थोडे धावणे यांना परवानगी मिळते, पण तीही शॅपरोन सोबत असतानाच. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो, आणि जीव तोडून धावलेल्या माणसाच्या शरीरात तेवढे पाणी उरलेले नसते. नमुना फार पातळ निघाला तर पुन्हा द्यावा लागतो. मी खेळाडूंना रात्री उशिरापर्यंत त्या खोलीत बाटल्यांवर बाटल्या पाणी पीत बसलेले पाहिले आहे. बाटल्याही सीलबंद असाव्या लागतात, कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ते कसे आले हा प्रश्न नंतरचा. म्हणूनच चाहत्याने प्रेमाने पुढे केलेला खाऊ किंवा सरबत अनेक खेळाडू हातातही घेत नाहीत, आणि लोकांना तो उर्मटपणा वाटतो.

स्पर्धा नसतानाही सुटका नाही. नोंदणीकृत चाचणी गटातल्या खेळाडूला वर्षाच्या प्रत्येक दिवशी आपण कोठे असू ते आगाऊ कळवावे लागते, आणि रोज साठ मिनिटांची अशी एक वेळ द्यावी लागते की त्या वेळेत तो सांगितलेल्या जागी सापडलाच पाहिजे. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली, तर कोणतेही द्रव्य न सापडता बंदी येऊ शकते. विमानतळावर भेटलेली खेळाडूसुद्धा पट्ट्याकडे पाहताना मनात घड्याळ मोजत असेल.

हे सांगून मी तुमच्या मुलाचे दुःख खोटे ठरवत नाही. पण त्या धावपटूने पाहिले नाही, यावरून तो कसा माणूस आहे हे ठरवता येणार नाही.

तिरपा फटका

जाकीट वेगळ्या रंगाचे होते. मुलाला त्या वेळी मी "हे मोठे लोक असेच असतात" असे सांगितले होते, हेही कबूल करतो. आज तो घरी आला की त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला देणार आहे. खेळाडूंनी चाहत्यांना वेळ द्यावा या मतावर मी अजूनही ठाम आहे, फक्त माझे उदाहरण चुकले.

सरळ बॅट

मूळ धाग्यातल्या मुलीला सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगची गोष्ट जरूर सांगा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या आधी अमेरिकेचा जलतरण संघ सरावासाठी सिंगापूरला उतरला होता. तेथे तेरा वर्षांच्या, चष्मा लावलेल्या स्कूलिंगने मायकेल फेल्प्सबरोबर फोटो काढून घेतला. पुढे त्यानेच सांगितले आहे की त्या वेळी आपण इतके भांबावलो होतो की तोंडच उघडेना. आठ वर्षांनी, रिओमध्ये, १०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत तो ५०.३९ सेकंदांत पहिला आला. फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लो आणि हंगेरीचा लास्लो चेह हे तिघे अगदी ५१.१४ सेकंदांवर एकाच वेळी भिंतीला टेकले आणि तिघांनाही रौप्यपदक मिळाले. सिंगापूरचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. तोंड न उघडलेला आणि तेरा वर्षांचाच, याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

आपल्याकडचे सांगायचे तर ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवर भारत-इंग्लंड विश्वचषक उपांत्य सामना झाला, तेव्हा सीमारेषेबाहेर चेंडू आणून देणाऱ्या मुलांत चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. भारत तो सामना हरला. त्याच सुमारास कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार हुकल्यामुळे नाराज झालेल्या सचिनला सुनील गावसकरांनी धीर देणारे पत्र लिहिले होते, आणि आपले पॅडही त्याला दिले होते. रॉजर फेडररही बासेलच्या स्पर्धेत चेंडू उचलणारा मुलगा होता, आणि पुढे तीच स्पर्धा खेळताना तो शेवटी त्या मुलांबरोबर बसून पिझ्झा खात असे.

मोजपट्टी

उदाहरणे सुंदर आहेत, परंतु ती सांगताना जपावे. फेल्प्सबरोबर फोटो काढलेली मुले हजारो असतील, त्यांतला एक स्कूलिंग निघाला. १९८७ मध्ये वानखेडेच्या सीमारेषेवरची बाकीची मुले आज काय करत असतील, हे आपण विचारत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला "बघ, तोही गप्प होता आणि पुढे जिंकला" असे सांगितले, तर तिच्या त्या दहा सेकंदांवर सुवर्णपदकाचे ओझे येते. तिला आवडत्या खेळाडूशी बोलायचे होते आणि ते जमले नाही, एवढेच ते दुःख आहे, आणि तेवढेच ते राहू द्यावे असे माझे मत आहे.

सरळ बॅट

मान्य आहे. तरीही "तोंडच उघडेना" एवढा भाग सांगाच. सुवर्णपदकाचा गाळला तरी चालेल.

कडेचा प्रेक्षक

फोटो मिळाला नाही याची हळहळ धाग्यात आहे, म्हणून थोडे अवांतर. २०१६ च्या सुरुवातीला अफगाणिस्तानातल्या पाच वर्षांच्या एका मुलाचा फोटो जगभर फिरला होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीवर मेस्सीचे नाव आणि दहाचा आकडा लिहून त्याच्या मोठ्या भावाने त्याला तिचा सदरा करून दिला होता. मेस्सीने त्या मुलाला खरी जर्सी पाठवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोहा येथे दोघांची भेटही झाली. सामना सुरू व्हायची वेळ आली तरी मुलगा त्याला सोडून जायला तयार नव्हता. पण या प्रसिद्धीमुळे त्या कुटुंबाला धमक्या येऊ लागल्या, आणि पुढे त्यांना तालिबानच्या भीतीने घर सोडावे लागले. आपली गोष्ट अर्थातच एवढी टोकाची नाही. तरी पट्ट्यापाशी जे घडले ते दोघींपुरतेच राहिले, त्याचा फोटो कोणाच्या फोनवरून कोणाच्या फोनवर गेला नाही, याला मी उणीव म्हणणार नाही.

बाहेरची लेन

पत्राच्या प्रश्नाला कोणीच नीट उत्तर दिलेले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. पत्र लिहावे, आणि ते तिनेच लिहावे. "मी तुमची सर्वांत मोठी चाहती आहे" या वाक्याने सुरुवात करू नये, कारण प्रत्येक पत्राची सुरुवात तशीच असते आणि त्याला "धन्यवाद" याखेरीज उत्तर देता येत नाही. ज्याचे उत्तर त्याच धावपटूला देता येईल असा एखादा लहानसा प्रश्न विचारावा. सराव मोठा का छोटा, यश कशामुळे मिळाले, असले प्रश्न पत्रकार विचारतात. आमच्या संघातल्या एका मुलीने एका धावपटूला एवढेच विचारले होते की, दुसऱ्या फेरीची घंटा वाजते तेव्हा ती तुम्हाला खरोखर ऐकू येते का. तिला अर्धे पान भरून उत्तर आले होते.

पत्र संघटनेच्या पत्त्यावर पाठवावे, घरचा पत्ता शोधत बसू नये. आणि उत्तर येईलच असे मुलीला सांगू नये.

दुसरी हाक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण मी धागा मुलीला वाचायला दिला आणि मग तिच्या मागे लागले नाही.

बाहेरची लेन यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, पायात धावण्याचेच बूट होते, स्पर्धेहूनच आम्ही परतत होतो. धागा वाचल्यावर मुलीने सांगितले की डाव्या बुटाची नाडी सुटली होती, आणि त्या दिवशीच्या शर्यतीतही ती सुटली होती. शेवटच्या वळणावर ती एका पायाने चाचपडत धावली आणि पाचवी आली. हे तिने मला तोपर्यंत सांगितलेच नव्हते. "त्यांना वाटले असेल की मला नाडीसुद्धा बांधता येत नाही," हे खरे शल्य होते, आणि मी मात्र इतके दिवस सही आणि फोटो यांच्याच मागे होते.

स्कूलिंगची गोष्ट तिने पूर्ण वाचली, सुवर्णपदकासकट, आणि त्यावर काही बोलली नाही. झोला बडची गोष्ट वाचून मात्र दोन दिवस शाळेतून आल्यावर तिच्या शर्यतीची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होती. डेकर पडते त्याच्या आधीची चार पावले तिने थांबवून थांबवून पाहिली, आणि अनवाणी धावणारीला नाडीची काळजीच नसते, असा शेरा मारला.

पत्र काल टाकले. मला ते दाखवायचे नव्हते, पण पाकिटावर पत्ता माझ्या अक्षरात हवा होता, म्हणून घडी घालताना चार ओळी दिसल्याच. पहिल्या ओळीत तिने विमानतळाचे नाव आणि तारीख दिली आहे. दुसऱ्या ओळीत, मी ती न बोलणारी मुलगी, असे लिहिले आहे. तिसरीत नाडी त्या दिवशी दोनदा सुटल्याचे सांगितले आहे. आणि चौथ्या ओळीत विचारले आहे की तुम्ही शर्यतीआधी गाठ स्वतः बांधता की कोणाकडून तपासून घेता, आणि तपासून घेत असाल तर ती किती घट्ट आहे हे त्या माणसाला कसे कळते.